स्टार्टरच्या अलीकडची तार

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला लागून. काठाला शेत म्हटलं की बाहेरच्या माणसाला चैन वाटते. पण उजनीचा काठ एका जागी थांबत नाही. पावसाळ्यानंतर पाणी बांधाला टेकतं आणि मे महिन्यात पार खाली जातं. मग पळसदेवचं पाण्यातलं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक गाड्या करून ते बघायला येतात. त्याच दिवसांत आम्ही मोटर घेऊन पाण्याच्या मागं मागं जायचो. मोटर पुढं, पाइप पुढं, स्टार्टरची पत्र्याची पेटी पुढं. पेटीपर्यंत वीज आणणारी केबल अपुरी पडली की तिला तुकडा जोडायचा.

१९९९च्या मे महिन्यात तो तुकडा मी जोडला. दहावीची परीक्षा दिली होती, निकाल लागायचा होता आणि घरात वायरिंगचं काम मलाच येतं असा माझा समज होता. तीन तारांचे तीन पीळ नीट मारले. टेप संपली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून गुंडाळल्या, वरून खताच्या गोणीतला प्लॅस्टिकचा कागद आणि सुतळी. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, हाताने ओढून बघितलं आणि म्हणाले, “बेस झालंय.”

दोन दिवसांनी पहाटे पाणी आणखी सरकलं होतं. रात्रपाळीची लाइट होती. तात्यांनी स्टार्टरचं लाल बटण दाबलं, मोटर बंद पडली आणि पेटी पुढं न्यायची म्हणून त्यांनी चिखलातली केबल ओढायला धरली. हात बरोबर जोडावर पडला. लाल बटणानं मोटर बंद झाली होती, पण जोड स्टार्टरच्या अलीकडे होता. तिथपर्यंत वीज येतच होती. ती तोडायची तर वर खांबाजवळच्या पेटीतली तिन्ही किटकॅट काढावी लागतात आणि खांब तिथून चारशे फूट लांब.

पंचनाम्याला तासभरही लागला नाही. विजेचा धक्का लागून मृत्यू, एवढंच त्यात होतं. माणसं बसायला आली, म्हणाली, “वेळ आली होती.” जोड कुणी मारला होता हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात शेजारच्या रानात तशीच ट्यूबची पट्टी गुंडाळलेला जोड मी पाहिला आणि मान फिरवली.

पुढे मी आयटीआय केलं, मग विमान देखभालीचा कोर्स, त्यात एव्हिऑनिक्स. म्हणजे विमानातल्या रेडिओ-बिडिओ आणि विजेच्या भागांची देखभाल. नोकरी फिरत फिरत घराजवळ आली. बारामतीच्या एमआयडीसीतल्या धावपट्टीवर मुलांना विमान चालवायला शिकवतात, तिथल्या हँगरमध्ये मी काही वर्षं काम केलं. मोठ्या विमानतळासारखा नियंत्रण कक्ष तिथे नव्हता. हवेतली विमानं आणि खालचे प्रशिक्षक रेडिओवर एकमेकांना सांगत राहायचे, मी अमुक बाजूला आहे, अमुक उंचीवर आहे, उतरायला वळतो आहे. तिथे रेडिओ मुका झाला तर ते विमान बाकीच्यांच्या लेखी नाहीसंच होतं. आणि रेडिओ मुका होण्याचं सगळ्यात साधं कारण रेडिओत नसतं, त्याला वीज पुरवणाऱ्या तारेत असतं.

हँगरमध्ये एक जाडजूड रजिस्टर होतं. विमानात, इंजिनात किंवा एखाद्या उपकरणात धोक्याची खोट सापडली की त्या त्या देशाचं विमान प्राधिकरण हुकूम काढतं. इंग्रजीत त्याला एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह म्हणतात. आपल्याकडचे जुने लोक मँडेटरी मॉडिफिकेशन म्हणायचे, बोलताना नुसतं ‘मॉड’. त्यात चारच गोष्टी असतात: कोणत्या विमानाला लागू, धोका काय, काय करायचं, कधीपर्यंत. मुदत संपली आणि काम झालं नाही, तर विमान उडत नाही. मालकाची ऐपत, मुलांचे राहिलेले तास, हंगाम यांतलं काहीही ऐकून घेतलं जात नाही.

२०१३च्या उत्तरार्धात त्या रजिस्टरात मी एका ओळीपुढे ‘लागू नाही’ असं लिहीत होतो. आमचे साहेब मागे येऊन उभे राहिले. “पेटी उघडून पार्ट नंबर वाचलास?”

“सर, ही खोट मोठ्या विमानातली आहे.”

“मी ते विचारलं नाही.”

मी गेलो, शेपटीकडचं झाकण काढलं, नंबर वाचला. आमची पेटी खरोखरच वेगळी होती. पण परत येऊन मी तो हुकूम पहिल्यांदा पूर्ण वाचला.

गोष्ट अशी होती. १२ जुलै २०१३ रोजी लंडनच्या हीथ्रोवर इथिओपियन एअरलाइन्सचं बोइंग ७८७ उभं होतं. आत कुणी नव्हतं. शेपटीजवळ छताच्या आतून आग लागली. त्याच वर्षी जानेवारीत बॅटऱ्या पेटल्यामुळे जगभरची ७८७ विमानं, आपल्या एअर इंडियाची सहासुद्धा, जमिनीवर बसवली होती, म्हणून सगळ्यांनी आधी तिकडेच बोट दाखवलं. पण ब्रिटिश तपासकर्त्यांना आगीचं मूळ सापडलं ते इमर्जन्सी लोकेटर ट्रान्समीटरमध्ये. विमान पडलं तर ही पेटी आपोआप ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना हाक मारते. आपल्याकडे ती हाक बंगळूरूच्या केंद्रात पोचते. विमानाची वीज गेली तरी हाक गेली पाहिजे, म्हणून पेटीला स्वतःची लिथियम बॅटरी असते. हीथ्रोच्या पेटीत त्या बॅटरीच्या तारा झाकण बसवताना झाकणाखाली चेपल्या होत्या. तार चेपली, शॉर्ट झाला, एक सेल तापला, मग शेजारचे. बाकी सगळं विझल्यावर बोलायचं काम ज्या पेटीचं होतं, तिनंच विमान पेटवलं होतं.

दोन आठवड्यांच्या आत अमेरिकेतून ७८७साठी हुकूम निघाला: पेटी काढा, नाहीतर उघडून तारा चेपल्यात का ते बघा. पुढे तीच पेटी बसवलेल्या इतर विमानांसाठीही तसाच हुकूम आला. माझ्या रजिस्टरात होता तो हा. हीथ्रोवर एक झाकण तारेवर बसलं होतं आणि त्यापायी बारामतीत मला शेपटीत डोकं घालून नंबर वाचावा लागला होता.

त्या दिवसापासून मी जुने हुकूम आणि त्यांच्यामागचे अहवाल वाचायला लागलो. आणि एका अहवालाशी थांबलो. २ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं स्विसएअरचं एमडी-११ कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं. २२९ माणसं गेली. कॉकपिटमध्ये वास आल्यापासून विमान पडेपर्यंत साधारण एकवीस मिनिटं. प्रवाशांच्या करमणुकीसाठी नंतर बसवलेल्या यंत्रणेला वीज देणाऱ्या केबलवर ठिणगी पडल्याच्या खुणा सापडल्या आणि आजूबाजूचं इन्सुलेशनचं आवरण सहज पेट घेणारं निघालं. पण मी अडकलो तो पुढच्या एका ओळीवर. धूर दिसला की केबिनची वीज तोडायला कॉकपिटमध्ये एक स्विच होता. करमणुकीच्या यंत्रणेची वीज मात्र अशा जागेवरून घेतली होती की तो स्विच बंद करूनही ती बंद होत नव्हती.

वैमानिकाने बटण दाबावं, सगळं बंद झालं असं समजावं आणि तार जिवंतच असावी. ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

तिथल्या तपासकर्त्यांनी समुद्रातून त्या विमानाचे सुमारे वीस लाख तुकडे बाहेर काढले, वजनाने जवळजवळ ९८ टक्के विमान. पुढचा भाग तुकडा तुकडा लावून पुन्हा उभा केला. चार वर्षांहून जास्त खपले. १९९९च्या मे महिन्यात आमच्या पंचनाम्याला तासभर लागला, तेव्हा कॅनडात कुणीतरी एकेक तार भिंगाखाली धरून बसलं होतं. त्या अहवालात ‘वेळ आली होती’ असं एकदाही म्हटलेलं नाही. त्यातून हुकूम निघाले: ती यंत्रणा काढा, ते आवरण बदला. कधी न भेटलेल्या माणसांच्या विमानांत ते बदललं गेलं.

नंतर एकदा शंभर तासांच्या तपासणीत एका सेसनाचं पॅनल मी सैल केलं आणि मागे हात घातला. रेडिओंकडे वीज नेणारी तार एका पट्टीच्या कडेला घासत होती. ती धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचं रबर झिजून गेलं होतं आणि तारेवरचं आवरण कागदाइतकं उरलं होतं. रेडिओच्या प्रत्येक तारेला ब्रेकर असतो, शॉर्ट झाला की तो वीज तोडतो. पण ही जागा ब्रेकरच्या अलीकडे होती.

विमान त्या दिवशी उभं राहिलं. बाहेर मुलं हेल्मेट नसलेल्या क्रिकेटच्या बॅट्समनसारखी ताटकळत होती आणि एक प्रशिक्षक चिडून म्हणाले, “काल तर व्यवस्थित बोलत होता रेडिओ.” मी म्हटलं, “काल जोडही बेस होता.” त्यांना काहीच कळलं नाही. मी तार बदलली, नवा क्लॅम्प लावला, बाकीच्या विमानांतली तीच जागा बघितली, रजिस्टरात लिहिलं. कुठलाही हुकूम आलेला नव्हता. साहेबांनी सही करताना एवढंच म्हटलं, “बाकीच्यांतही बघितलंस ते बरं केलंस.”

२५ जुलै २०२२. तोवर मी बारामती सोडून मुंबईला आलो होतो. तात्यांच्या मुलाचा फोन आला. तात्या गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

“दादा, कडबनवाडीत विमान पडलंय. शिकायचं. तुमच्याकडचं का?”

बारामतीहून उडालेलं ते शिकाऊ विमान होतं. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात, जिथे माळावर चिंकारे दिसतात तिथे, शेतात पडलं. आतल्या शिकाऊ तरुणीला मार लागला, पण ती वाचली. लोक मदतीला धावले होते.

“पोरगी वाचली बघ,” तो म्हणाला. “आता पुढं काय करतात रे असं झालं की?”

मी सांगितलं. चौकशी होते. काय मोडलं, का मोडलं ते शोधतात. खोट यंत्रात निघाली, तर तसं यंत्र जिथे जिथे असेल तिथे कागद जातो, की हे बघा, हे बदला, नाहीतर उडू नका.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आपल्याकडं असा कागद कोण धाडतंय.”

तेवीस वर्षं जे बोललो नव्हतो ते मी तेव्हा बोललो. जोड मी मारला होता. टेप नव्हती. सायकलची ट्यूब लावली होती. आणि शेजारच्या रानातला तसाच जोड बघूनही मी कुणाला काही बोललो नव्हतो.

“जोड तू मारलावता ते मला म्हायतीय,” तो म्हणाला. “आईनं सांगितलंय कधीच. दुसऱ्याच्या रानातलं म्हायती नव्हतं.” मग म्हणाला, “आता काय करायचं ते सांग. आपल्या केबलीला तीन जोड हायेत.”

पुढच्या रविवारी मी गावाला गेलो. जोड तोडून मधे कुठेही सांधा नसलेली सलग केबल घातली. खर्च झाला, निम्मा त्यानं केला. खांबाजवळच्या पेटीच्या दारावर लाल रंगानं लिहिलं: केबलीला हात लावणाऱ्याने तिन्ही किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवावीत. ‘स्वतःच्या’खाली रेघ मारली, कारण किटकॅट पेटीवर काढून ठेवली की तिकडून दुसरा कुणीतरी येऊन लावतो. मग आम्ही दोघं काठाकाठानं सात-आठ रानं फिरलो. चौघांनी तसंच लिहून घेतलं. एकाने चहा पाजला आणि म्हणाला, “बघू पुढच्या साली.” त्याच्यावर मुदत घालणारं कुणी नाही. त्याच्या रानातला जोड मी जाता जाता टेपने नीट बांधून दिला, किटकॅट खिशात घालून.

आता दरवर्षी एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की भावाचा फोन येतो. फोन स्पीकरवर असतो, मागे टिटवी ओरडत असते.

“दादा, पेटी पुढं घ्यायचीय. किटकॅट काढलीत.”

“मोज.”

खिशात हात घातल्याचा, चिनीमाती एकमेकांवर आपटल्याचा आवाज येतो.

“एक. दोन. तीन.”

“ओढ.”