यादीत नसलेले नाव

पुतण्याने पहिल्या पगारातून ग्राफिक्स कार्ड घेतले. 2016 साली बाजारात आलेले जीटीएक्स 1080. मात्र 2009 सालच्या एका खेळाला ते ओळखताच येईना. पडद्यावर सारी चित्रे ओबडधोबड दिसत. दुकानदाराने निकाल दिला, "कार्डच सदोष!"

आम्ही खेळाच्या नोंदींची फाईल उघडली. प्रत्येक कार्ड निर्मात्याचा व स्वतःचा असे दोन क्रमांक सांगते. येथे 10डीई आणि 1बी80. खेळाजवळच्या जुन्या यादीत दुसरा क्रमांक नव्हताच. मूळ यादीची प्रत जपून पुतण्याने तीत एक ओळ भरली, आणि चित्रे रेखीव झाली. कार्ड तेच होते.

अनोळखी म्हणजे असमर्थ, असे यादी ठरवते. वाचकहो, माणसांविषयी निवाडा करतानाही आपल्या यादीचे साल पाहिलेले बरे.