खर्जाची डबी

संगीतात खर्जाच्या स्वराचे एक विलक्षण दुर्दैव आहे. तो असला तर कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि नसला तर काय चुकले हे कोणास सांगता येत नाही. गाणाऱ्यास वाहवा मिळते, तबलजीच्या बोटांकडे लहान मुले टक लावून पाहतात, पेटीवाल्याचे नाव गावभर होते. परंतु सर्वांच्या पाठीमागे उभे राहून चार जाड तारांची बेस गिटार वाजविणाऱ्या मुलाची चौकशी स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी कोणी करीत नाही. आपल्या शाळेच्या वाद्यवृंदात असा एक विद्यार्थी आहे. त्याच्यासाठी आम्ही जी एक लहानशी डबी विकत घेतली, तिच्याविषयी पालकवर्गात बरीच चर्चा झाल्याचे कानावर आले. म्हणून बालमित्रांनो व पालकहो, त्या डबीची हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

मागच्या वर्षीच्या संमेलनानंतर त्या मुलाचे वडील मला भेटावयास आले. त्यांचा पानमळा आहे. आपल्या अंजनगावच्या पानमळ्यांची कीर्ती मी वर्णन करावयास नको, आणि पानवेल किती लाडाची असते हेही येथील मुलांस ठाऊक आहे. तिला पाणी चुकले की ती रुसते. ते गृहस्थ म्हणाले, "सर, पोरगा रोज सांजच्याला टुंगटुंग करत बसते, मळ्यात पाणी द्याले येत नाही. म्या म्हटलं, कार्यक्रमात आयकू तरी. सगळ्यायचं आयकू आलं, याचंच कोठी आयकू नाही आलं. मंग कायले वाजवाचं?"

बोलण्यात रागापेक्षा हिशेबच अधिक होता, आणि हिशेब बिनचूक होता. पटांगणात त्यांच्याप्रमाणे मागे बसलेल्या कोणासही तो मुलगा ऐकू आला नव्हता. पुढल्या वर्षी त्याला वाद्यवृंदातून काढून घ्यावे, असा त्यांचा विचार दिसला. मुलगा शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही. मी एवढेच म्हणालो की, दादा, मला एक वर्ष द्या.

आता तो ऐकू का येत नव्हता, ते पाहू. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तिच्या पुढल्या तिन्ही तारा अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८ वेळा. उलट, आपल्या पटांगणावर मंडपवाले जे भोंगे बांधतात, ते माणसाचे भाषण दूरवर पोहोचविण्यासाठी घडविलेले असतात. साधारणपणे सेकंदास तीनशे कंपनांच्या खालचा नाद त्यांतून जवळजवळ बाहेरच पडत नाही. म्हणजे मुलगा कितीही जोर लावून वाजवो, त्याच्या स्वराचा पाया भोंग्याच्या दारातच अडतो. आवाज वाढवावा तर भोंगा कुरकुरतो आणि गायकाचे शब्दही बिघडतात. मोठे, रुंद छातीचे स्पीकर भाड्याने आणणे हा एक उपाय होय. पण त्याचे भाडे आपल्या संमेलनाच्या खर्चात बसण्यासारखे नाही.

तथापि येथे निसर्गाने एक सोय करून ठेविली आहे. जुन्या तारेच्या टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३४०० कंपनांपर्यंतचाच नाद जात असे. मोठ्या माणसाच्या आवाजाचा मूळ स्वर शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो; म्हणजे तो त्या तारेतून जातच नव्हता. तरी वडिलांचा टेलिफोन आला असता त्यांचा आवाज मुलाला भारदस्तच ऐकू येई. असे का व्हावे? कोणताही स्वर एकटा नसतो. त्याच्याबरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांची पिलावळ असते. तिला उपस्वर म्हणतात. मूळ स्वर वाटेत हरवला तरी पिलावळ कानापर्यंत पोहोचली, तर आपला मेंदू तिच्यावरून आईचा शोध लावतो आणि तो स्वर जणू ऐकूच आला असे मानतो. तेव्हा खर्ज लोकांपर्यंत पोहोचवावयाचा तर त्याचे उपस्वर सबळ करावयास पाहिजेत.

आपल्या पूर्वजांस ही युक्ती फार पूर्वीपासून ठाऊक होती. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली कापसाचा किंवा रेशमाचा एक बारीक धागा सरकवितात. तारेला व घोडीच्या पाठीला तो योग्य ठिकाणी साधला की तार एकाएकी गुंजू लागते. ह्यालाच जवारी लागणे म्हणतात. चांगली जवारी लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जात, कोणी छेडलेला नसताही, गांधार ऐकू येतो. तो पाचवा उपस्वर होय. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर यांनी मिरजेस ही वाद्ये घडविण्याची परंपरा सुरू केली, आणि मिरजेचे कारागीर आजही पंढरपूरकडच्या भोपळ्यांचे तानपुरे करितात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तर १९२१ साली तानपुरा व वीणा यांच्या घोडीवर शास्त्रीय लेख लिहिला. तार जेथे छेडली तेथे ज्या उपस्वरांचा अभाव असावयास पाहिजे, तेही ह्या घोडीमुळे जोरात ऐकू येतात, असे त्यांनी दाखवून दिले. विज्ञानाच्या तासाला मी हे सांगतो तेव्हा मुलांचा विश्वास बसत नाही. तानपुऱ्याला कान लाविला की बसतो.

पाश्चात्त्य देशांत हेच काम, कोणी हेतुपूर्वक योजिलेले नसता, काचेच्या दिव्यांनी केले. निर्वात नलिका, म्हणजे ज्याला आपले जुने लोक रेडिओचा व्हॉल्व म्हणत, ती बाहेरून दिव्यासारखीच दिसते. आत तापलेल्या भागातून विद्युत्कण सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. १९०४ साली फ्लेमिंग यांनी अशी पहिली नळी केली; १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी मध्ये एक तिसरा अग्र घातला, आणि त्यावरच्या क्षीण विद्युत्लहरीने मोठा प्रवाह हलविता येऊ लागला. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले तेव्हा वऱ्हाडातील ज्या थोड्या घरांत रेडिओ होते ते असल्याच व्हॉल्वचे. माझ्या आजोबांचा एक होता. कळ दाबल्यावर अर्धा मिनिट काहीच होत नसे; मग मागच्या फटींतून नारिंगी उजेड दिसे, आणि त्यानंतर आवाज येई. त्या आवाजाला एक ऊब असे, असे जुनी माणसे म्हणतात. ती केवळ आठवणींची ऊब नव्हे.

ह्या नळीचा स्वभाव असा की, तिच्या शक्तीबाहेर काम दिले असता ती एकदम हात वर करीत नाही. लहरीचा माथा ती हळूहळू गोलसर करिते. शहानूर नदीच्या पात्रातला गोटा आणि खडी फोडणाऱ्याने घणाने फोडलेला दगड यांत जो फरक, तोच नळीच्या व साध्या ट्रान्झिस्टरच्या वर्धकात अशा वेळी पडतो. माथा गोल झाला की नवे उपस्वर निर्माण होतात, पण ते मूळ स्वराच्या जवळचे व गोड असतात; माथा तोडला गेला तर दूरचे, कर्कश उपस्वर उसळतात. १९५१ साली लिओ फेंडर यांनी अमेरिकेत चार तारांची विजेची बेस गिटार बाजारात आणिली, तेव्हा तिला नळ्यांच्या वर्धकावाचून दुसरा सोबती नव्हता. १९६९ सालचा अँपेग कंपनीचा एसव्हीटी वर्धक तर चौदा नळ्यांचा व तीनशे वॉटचा होता; त्याच्याबरोबर आठ स्पीकरांचे कपाट असे, आणि ते एका माणसाने उचलण्याचे काम नव्हे. महाविद्यालयीन शिक्षणासाठी मी नागपुरास हिस्लॉप कॉलेजात होतो, त्या दिवसांत मुंबईस एका परिचितांकडे नळ्यांचा एक लहान वर्धक ऐकण्याचा योग आला होता. स्वर कानाआधी तळपायाला समजला, एवढे आठवते.

असा वर्धक अंजनगावात आणण्याचा विचार करणे व्यर्थ होते. किंमत आपल्या आवाक्याबाहेर. नळ्या आता रशिया, स्लोव्हाकिया, चीन अशा थोड्याच देशांत होतात. आणि आपल्याकडील विजेचा दाब सायंकाळी कसा खालीवर होतो, हे गिरणीवाल्यांस विचारावे.

ह्या अडचणीवर १९८९ साली न्यू यॉर्क येथे अँड्र्यू बार्टा नावाच्या गृहस्थांनी एक तोड काढिली. नळीचा वर्धक व त्याचे स्पीकर मिळून स्वरावर जे संस्कार करितात, तेच लहान विद्युत्मंडलाकडून करवून घ्यावे आणि ते मंडल पायाजवळ ठेवण्याच्या पेटीत बसवावे. त्यांनी तिला सॅन्सअँप असे नाव दिले. फ्रेंच भाषेत 'सॅन्स' म्हणजे 'विना', तेव्हा वर्धकाविना वर्धक असा त्याचा अर्थ. पुढे ह्या जातीच्या पुष्कळ पेट्या निघाल्या. आपली डबी त्यांतलीच एक, स्वस्तातली आहे. ती तळहाताहून थोडी मोठी असून नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. मुलांनी तिचे नाव 'डबी'च ठेविले आहे. इंग्रजी नावापेक्षा मला ते बरे वाटते.

डबी आली आणि शिक्षकांच्या खोलीत वाद उभा राहिला. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "परीक्षेत नकलेला आपण शिक्षा करितो, आणि रंगमंचावर नकलेला पैसे देतो काय?" प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. मला वाटते ते असे. डबी नळीची नक्कल करिते हे खरे, पण मुलाची करीत नाही. त्याने तार छेडली नाही तर ती मुकी राहते. त्याने हलके छेडले तर हलके बोलते, जोराने छेडले तर खरखरते, आणि त्याने स्वर चुकविला तर ती चूक अधिक स्पष्ट करून दाखविते! खरी लबाडी पाहावयाची असेल तर हल्ली ठिकठिकाणी आधीच ध्वनिमुद्रित केलेला ट्रॅक लावून मुले नुसती हातवारे करितात, तो प्रकार पाहावा. त्यास माझा सक्त विरोध आहे, आणि आपल्या शाळेत तो होऊ नये यासाठी मी मुख्याध्यापकांच्या मागे लागलो आहे. सहकाऱ्यांचे समाधान अर्धेच झाले. डबीत खरी नळी नाही, त्यामुळे वाजविणाऱ्याच्या बोटांना कोठे तरी फरक जाणवतोच, असे जाणकार म्हणतात, आणि ते मला मान्य आहे. श्रोत्यांना मात्र तो फरक समजत असेल असे वाटत नाही.

डबी नीट वापरणे हे मात्र शिकावे लागते. पहिल्या आठवड्यात मुलांनी सर्व नॉब उजवीकडे नेऊन ठेविले, आणि गिटारमधून बैलगाडीच्या कण्याचा आवाज येऊ लागला. 'ड्राइव्ह' नावाच्या नॉबने उपस्वर वाढतात. तो एक तृतीयांशावर ठेविला की पुरे. 'ब्लेंड' नावाच्या नॉबने मूळ स्वर व संस्कारित स्वर यांचे मिश्रण होते. तो पूर्ण फिरविला तर एकट्याने वाजविताना फार छान वाटते. पण पेटी व गायक सुरू झाले की गिटार नाहीशी होते, कारण ह्या डब्या बहुधा मधल्या पट्टीतले स्वर काढून घेतात आणि गर्दीत ओळख पटते ती त्याच पट्टीवर. म्हणून ब्लेंड निम्म्यावर. आणि भोंग्यांवर वाजवावयाचे असेल तर 'बेस'चा नॉब वाढविण्याचा मोह टाळावा. जे बाहेर पडूच शकत नाही ते वाढवून काय उपयोग? ही शेवटची गोष्ट त्या मुलाने स्वतःच शोधून काढिली, मी सांगितली नव्हती.

आणखी एक बारीक गोष्ट. वर्गातल्या लहान वर्धकास डबी समोरच्या भोकातून जोडली तर आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. डबीने स्पीकरचा संस्कार केलेलाच असतो, त्यावर पुन्हा त्या वर्धकाचे संस्कार होतात. अशा वेळी मागे 'रिटर्न' असे लिहिलेले भोक असल्यास त्यात जोडावे. संमेलनात तर डबीतून सरळ मिक्सरला तार जाते. घूं असा आवाज आल्यास डबीवरचा 'ग्राउंड' लिहिलेला खटका सरकविला की बहुधा थांबतो. विजेच्या प्लगचा तिसरा पाय काढून टाकणे हा जो उपाय काही लोक करितात, तो प्राणघातक आहे. तो आपल्या शाळेत कोणीही करू नये.

यंदाच्या संमेलनात मुलाचे वडील मंडपात बसले नाहीत. ते फाटकापाशी, शेवटच्या भोंग्याखाली उभे राहिले होते. तपासणीच करावयाची तर तेथेच करावी, असा त्यांचा बेत असावा. दुसरे गीत संपल्यावर ते मला तेथेच सापडले. "हाय बुवा आता," एवढेच ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "पण ते थांबते तवाच जास्त समजते." खर्जाविषयी मी इतके वाचले आहे, पण इतके थोडक्यात कोणी लिहिलेले आढळले नाही. मुलगा वाद्यवृंदात राहिला आहे. मळ्याला पाणी आता तो सकाळी शाळेपूर्वी देतो, आणि पहिल्या तासाला मधूनमधून डुलक्या घेतो. त्याकडे मी तूर्त दुर्लक्ष करीत आहे.

डबी विज्ञानाच्या प्रयोगशाळेतील कपाटात, तानपुऱ्याच्या शेजारी ठेविली आहे. मुलांना खरी नळी तापताना दाखवावी अशी माझी फार इच्छा आहे. कोणा पालकांच्या माळ्यावर व्हॉल्वचा जुना रेडिओ पडून असेल, तर तो बंद असला तरी चालेल, त्यांनी कृपा करून कळवावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. मात्र तो घरी कोणी उघडू नये. आत शेकडो व्होल्टचा दाब असतो, आणि तार काढून ठेविल्यावरही काही भागांत तो बराच वेळ टिकून राहतो.