होटगी रस्त्यावरचा वारा

सोलापुरात आसरा चौक मागे टाकून होटगी रस्त्याला लागले, की आषाढात टोपी एका हाताने धरूनच चालावे लागते. पश्चिमेचा वारा अडवायला इकडे ना डोंगर, ना दाट झाडी. उघडा माळ, आणि त्या माळावर सोलापूरचा विमानतळ.

मामांना विमान पाहायचे होते. 9 जून 2025 रोजी सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली आणि तेव्हापासून त्यांनी घोषाच लावला. बसायचे नव्हते, नुसते उतरताना बघायचे होते. त्यांचे गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात. सकाळच्या एसटीने आले, धोतराचा सोगा सावरत माझ्याबरोबर रस्त्याच्या कडेला उभे राहिले. आत लांब खांबावर कापडाची पट्ट्यापट्ट्यांची बाही फडफडत होती. वारा कुठून किती आहे ते वैमानिकाला त्या बाहीवरून कळते.

थोड्या वेळाने सत्तरएक माणसांचे, दोन पंख्यांचे विमान आले. नाक जरासे वाऱ्याकडे तिरके करून खाली आले आणि टेकता टेकता सरळ झाले.

"बगळ्यावाणी उतरलं," मामा म्हणाले. "वाऱ्याकडं तोंड करून."

नांगरामागे किडे टिपायला येणारा बगळा वाऱ्याकडे पाठ करून कधी उतरत नाही, हे आपण रोज पाहतो. विमानाचेही तेच. त्याला तोलून धरते ती पंखावरून जाणारी हवा. दोन-चार माणसांचे लहान विमान उतरायला येते तेव्हा पंखावरून ताशी सुमारे 110 किलोमीटर वेगाने हवा जावी लागते. समोरून 50 किलोमीटरचा वारा असेल, तर त्यातले 50 तो वाराच देतो. जमिनीवरून विमान सरकते ते 60 नेच, म्हणजे फटफटीच्या वेगाने. थोड्या जागेत थांबते, चाकांना त्रास कमी. म्हणून समोरचा वारा हा वैमानिकाचा सोबती. वारा पाठीमागून असला, तर तेच विमान जमिनीवर 160 ने आदळत येईल.

सोलापूरची धावपट्टी दोन किलोमीटरहून थोडी लांब आणि उत्तर-वायव्येकडून दक्षिण-आग्नेयेकडे गेलेली. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा त्यामुळे नेमका समोरून मिळत नाही, बराचसा कुशीतून लागतो. नाक तिरके का होते, ते यावरून कळेल.

"पर लई वारा असंल तर?" मी विचारले. मामा हसले. हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचे होते. लहानपणापासून ऐकतो आहे, पण त्या जागी उभे राहून कधी ऐकले नव्हते.

मामा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. इथे नुसते तारेचे कुंपण होते आणि पलीकडे गुरे चरत. वैशाखाचे दिवस. दुपार कलता कलता वायव्येला काळे आभाळ उठले. त्याच वेळी डोक्यावर पंख असलेले एक लहान विमान घिरट्या घालू लागले. धुळीचा लोट आला, बाही काठीसारखी ताठ झाली. विमान पट्टीच्या रेघेत आले, वाऱ्याला तोंड दिले, आणि "हवेत टांगल्यागत झालं. फुडं सरकंना. पाखरू जसं जागच्या जागी थरथरतं, तसं." झाडाच्या उंचीवर आल्यावर ते एकदम खचले. गुरे बिथरली. इंजिन ओरडले, विमान कसेबसे सावरले आणि डोक्यावरून निघून गेले.

असे का झाले? ज्याने वावडीवर उभे राहून धान्य उपणले आहे त्याला सांगायला नको. वारा जोराचा असला तरी चालतो, पण एकसारखा हवा. मधेच पडला, की भूस धान्यावरच येते. उंचावर वारा 60 चा असतो, जमिनीजवळ झाडाझुडपांना, मातीला घासून तो 35 वर येतो. विमान 110 चा हिशेब धरून उतरत असते आणि दोन क्षणांत त्याच्या पंखावर 85 च उरतात. 75-80 च्या खाली तर ते उडूच शकत नाही. वारा 40 चा असून झोत 60 चे येत असतील, तर वैमानिक फरकाच्या निम्मा म्हणजे दहाचा वेग जास्तीचा धरून येतो. सावकारी हिशेबच म्हणा, पण जीव वाचवणारा.

वळवाच्या पावसात याहून वाईट प्रकार असतो. ढगातली गार हवा धप्पकन खाली पडते आणि घागर पालथी केल्यावर पाणी पसरावे तशी चहूकडे धावते. त्यात शिरलेल्या विमानाला आधी समोरचा जोराचा वारा मिळतो, मग वरून दाब येतो आणि लगेच पाठीमागचा वारा. मोठे विमानही यात तगत नाही. 2 ऑगस्ट 1985 रोजी अमेरिकेत डल्लस येथे एक प्रवासी विमान उतरता उतरता असेच सापडले आणि 137 माणसे गेली. त्यानंतर अशा वाऱ्याची आगाऊ सूचना देणारी यंत्रे विमानांत आणि विमानतळांवर बसवली जाऊ लागली. मामांच्या त्या लहान विमानात कसले यंत्र असणार!

दुसऱ्या खेपेला ते जास्त वेगाने आले. चाके टेकली, चार बैलगाड्यांच्या लांबीइतके पळाले आणि थांबले. मामांना वाटले, सुटला. पण वैमानिक उतरेना. एक पंख उचलायचा, मग दुसरा. वाऱ्याला विमान थांबले आहे हे कळतच नाही, तो त्याला उडवायलाच बघतो. त्यातून वळवायला गेले, तर वारा पंखाखाली शिरून उलथेच करतो.

वैमानिकाने हात केला. विमानतळावरचे दोन गडी धावले, त्यांच्यामागे मामा. पंखा अजून फिरत होता. "म्होरनं येऊ नका!" म्हणून तो ओरडत होता. मागून जाऊन तिघांनी पंखाखालच्या तिरप्या दांड्या धरल्या. पाऊस आला, गारा आल्या. अर्धा घंटा तिघे लोंबकळल्यासारखे उभे. वारा पडल्यावर विमान जमिनीतल्या लोखंडी कड्यांना बांधले. दोर अपुरे पडले म्हणून मामांनी दोन दावी सोडून दिली. ती कालवड मग कुमठ्याकडे पळाली, तिसऱ्या दिवशी सापडली. वैमानिकाने पाठ थोपटली आणि घरी आजोबांनी बडवले.

"त्या वख्ती चिमणी नव्हती," मामा एकदम म्हणाले.

मामांचा ऊस सिद्धेश्वर साखर कारखान्याला जायचा. कुमठ्याच्या या कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची सुमारे 90 मीटर उंच चिमणी विमानांच्या वाटेत येते, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. शेवटी 15 जून 2023 रोजी ती पाडण्यात आली. काही क्षणांचे काम. सभासदांना ती आपल्या घामाची वाटे, शहराला विमान हवे होते. त्या दिवशी मामा जेवले नाहीत, हे मला मामींनी सांगितले होते. मी वाद घातला नाही. पण खचलेले विमान इंजिन ओरडवत पुन्हा वर चढले, तेव्हा त्याला पुढे मोकळे आभाळ मिळाले होते. वैमानिकाला वाऱ्याइतकीच त्या मोकळ्या जागेची गरज असते, हे मामांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले.

"चिमणी असती तर त्यो पोरगा..." एवढे बोलून ते थांबले. मग म्हणाले, "पर ऊस बी आमचाच व्हता."

गोव्याचे विमान परत निघाले. मामांना वाटले, आता ते वाऱ्याबरोबर पळेल, तेवढेच लवकर पोचेल. पण ते फिरून पुन्हा वाऱ्याच्या अंगालाच तोंड करून धावले आणि उचलले.

"चढताना बी?" मामांनी विचारले.

"चढतानाही."

त्यांनी टोपी काढून काखेत मारली आणि ते दिसेनासे होईपर्यंत बोडक्यानेच वर बघत राहिले. परतीची एसटी चुकली ती त्यामुळेच.