कडेला लावलेली काडी

२९ ऑगस्ट २०२०, शनिवार. महालक्ष्म्या आटोपून आम्ही तिघं भंडाऱ्याला परत निघालो होतो. आमचं गाव पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठाशी. दोन दिवसांची झड सकाळी उघडली होती. "उघाड आहे तोवर निघू," बायको म्हणाली. मलाही तेच वाटत होतं. मुलगी मागे झोपली होती.

पावसातली गाडी मला नवी नाही. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बांधीतून केजव्हीलसकट डांबरावर चढतात आणि मागे चिखलाचा पट्टा सोडून जातात. त्यावर भुरभुर पडली की रस्ता साबणासारखा निसरडा होतो. तिथे ब्रेक दाबायचा नाही, वेग आधीच कमी करायचा. टायरच्या खाचा झिजल्या की मिरगाआधी टायर बदलायचे, पुढच्या ट्रकपासून दुप्पट अंतर ठेवायचं. हे मी काटेकोर पाळतो. पण हे सगळं डोक्यावर पडणाऱ्या पावसापुरतं होतं.

गावाबाहेरच्या नाल्यावर रपटा आहे. त्यावरून पाणी चाललं होतं, वीतभर वाटावं इतकं आणि अगदी संथ. कडेचे पांढरे दगड वर दिसत होते. आमच्या पुढची जीप पाणी उडवत पलीकडे गेली. मी पहिला गिअर टाकला.

काठावर जाळं घेऊन एक म्हातारे बसले होते. ते उठून सरळ गाडीसमोर आले.

"नोको जाऊ, भाऊ."

"काका, पाणी तर उतरतंय."

"कोन सांगतलं?" त्यांनी पाण्यात बोट दाखवलं. रस्त्यावर, कडेपासून हातभर आत, एक तुरकाठी उभी होती. "मघा ही काडी पान्याच्या कडेले रोवली होती. आता पाहा. उतरनारं पानी अन् चढनारं पानी वरून सारखंच दिसते."

मी इंजिन बंद करून खाली उतरलो. दहा मिनिटं त्यांच्या शेजारी उभा राहिलो. कडेचा पहिला पांढरा दगड बुडाला, मग दुसरा. वर चक्क ऊन पडलं होतं.

उन्हात नाला चढत होता, कारण पाऊस दुसरीकडे पडला होता. वैनगंगा येते मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यातून. तिकडे मुसळधार झाला, भीमगडच्या संजय सरोवरातून पाणी सुटलं. पेंचचं पाणी कन्हानमधून अंभोऱ्याला येऊन मिळतं, तेही वाढलेलं. नदी इतकी फुगली की नाल्याचं पाणी तिच्यात शिरेना, ते मागे साचत गेलं. म्हणूनच ते संथ होतं, आणि त्या संथपणावर मी भरवसा ठेवून बसलो होतो. पलीकडच्या उतारावर मात्र ओढ होती. फूटभर वाहतं पाणीसुद्धा लहान मोटारीची चाकं रस्त्यावरून सोडवू शकतं. मागे लेक झोपलेली होती, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

गाडी वळवायला जागा नव्हती. काकांनी मागे उभं राहून हात दाखवला आणि मी रिव्हर्समध्येच गावाच्या पहिल्या घरापर्यंत आलो. त्या पुरात भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं, लोकांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. आम्ही गावातच राहिलो. पाणी उतरल्यावर रपट्याकडे गेलो. वरून तो जसाच्या तसा वाटत होता. काकांनी कडेला नेऊन दाखवलं: खालचा मुरूम वाहून गेला होता आणि माझ्या डाव्या चाकाच्या बाजूला सिमेंटचा थर नुसता अधांतरी उभा होता.

आता पावसाळ्यात गावी निघायच्या आधी मी पुतण्याला फोन करतो. रपट्यावर पाणी आहे का, एवढंच विचारत नाही. कडेला काडी लाव म्हणतो, आणि अर्ध्या तासाने परत फोन लावतो.