पंख्यातलं रबर



31 जुलैला मासेमारीबंदी संपते. त्याआधीच्या शनिवारी दाजींच्या होडीचं मशीन दुरुस्त करायला मी शापोरा नदीकाठी गेलो होतो. मी कलाशाखेचा माणूस, त्यामुळे माझं काम पाने हातात देण्याचं.

पंख्याची तिन्ही पाती वाळूला घासून झिजली होती. दाजींनी पिन काढून नट सोडला आणि पंखा ओढला. मागे शाफ्टला जाळ्याची नायलॉन दोरी गुंडाळलेली होती. "ही सीलमध्ये शिरली की गिअरच्या तेलात पाणी जातं," असं म्हणत त्यांनी ती कापली. पात्यांच्या खरबरीत कडा कानशीने साफ केल्या, त्याही तिन्ही सारख्याच. एक जास्त घासली गेली तर मशीन थरथरतं. शाफ्टला ग्रीस लावून पंखा परत चढवला.

तरी दुखणं तेच. हळू चालवलं तर होडी सरकायची, जोर दिला की मशीन नुसतं किंचाळायचं.

मग दाजींनी पंख्याच्या मधल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची सरळ रेघ ओढली. एक फेरी मारून आलो तर रेघ तुटलेली! आतला भाग फिरून पुढे गेला होता, बाहेरचा मागे राहिला होता. "बघा, मास्तर, मधलं रबर सुटलंय. मशीनची ताकद पात्यांपर्यंत नेतं ते हेच. पंखा खडकावर आपटला तर धक्काही हेच सोसतं, म्हणून गिअर वाचतात." नवं रबर दाबून बसवायला पंखा कारागिराकडे गेला.

मी गप्पच झालो. दृढीकरणाच्या वर्गात महिन्याभरापूर्वी एका मुलाला मी सगळ्यांसमोर फार बोललो होतो. कारण एवढंच की तो तीन रविवार आला नव्हता. तेव्हापासून तो आलेलाच नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राचा 13 वा अध्याय मी दरवर्षी शिकवतो. प्रीतीवाचून बोलणं म्हणजे नुसती वाजणारी झांज, हे मुलांकडून पाठ करून घेतो. माझा आवाज मोठा होता, तयारी पक्की होती. पण शब्द आणि मूल यांच्यामधलं रबर केव्हाच सुटलं होतं. मी मात्र मुलांच्याच कडा घासत बसलो.

त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. आईने चहा दिला. वडील आजारी असल्याने रविवारी तोच मासळी पोचवायला जात होता. मी कधी विचारलंच नव्हतं. त्याच्यासमोर मी चूक कबूल केली. तो मान खाली घालून ऐकत राहिला, काही बोलला नाही. अजून तो वर्गात आलेला नाही. बुधवारी मी पुन्हा जाणार आहे. वडिलांचीही विचारपूस करीन.

आपल्याही घरात, संघात आवाज वाढूनही काही पुढे सरकत नसेल, तर एक रेघ ओढून पाहूया.

हे प्रभो, धक्का सोसणारं मन आम्हाला दे. आमेन.