बिनपाण्याचं बंदर

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तरेला गोदावरी आहे, पण ती आमची शीव, आणि तिच्यात होडी घालावी असं पाणी वर्षातून किती दिवस असतं ते गेवराई-माजलगावच्या लोकांना विचारावं. राक्षसभुवनला शनीच्या दर्शनाला गेलो की मी थोडा वेळ नदीकाठी बसतो. १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेला इथंच गाठलं. नदीला पूर होता, निजाम पैलतीरी पोचलेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे अडकलेला. तो मारला गेला. पाण्याने आमच्या इतिहासात बजावलेली एवढीच मोठी कामगिरी. बाकी सगळा इतिहास पाणी नसण्याचा. १५८२ सालची खजाना विहीर आम्ही पाहुण्यांना हौसेनं दाखवतो ती त्यामुळेच. भर उन्हाळ्यात पाणी असलेली जागा आमच्याकडे प्रेक्षणीय स्थळ ठरते.

तरीही हा जिल्हा मला कायम एखाद्या बंदरासारखा वाटत आलाय.

दसरा झाला की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर या बाजूच्या कुठल्याही फाट्यावर संध्याकाळी उभं राहावं. ऊसतोडीच्या मुकादमाने उन्हाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वाटून कोयते बांधलेले असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आमच्याकडे या दिवसांत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. ट्रक नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली येऊन उभी राहते आणि भरणं सुरू होतं. तळाशी बाजरी-ज्वारीची पोती, त्यावर खोपीचे बांबू आणि गुंडाळलेली ताडपत्री, मग परात, तवा, कळश्या, गोधड्या. डालग्यात कोंबड्या. एका कोपऱ्यात शेळी. सगळ्यात वर लेकरं. कोयत्यांना धार लावून ते पोत्यात गुंडाळलेले असतात, कारण वाटेत झोपेत कुणाला लागू नये. घराच्या कुलपावर धूळ बसू नये म्हणून बाई जुन्या लुगड्याचं फडकं बांधते, गाठ दोनदा ओढून बघते आणि गाडीकडे वळते. ओट्यावर सासू, तिच्या मांडीला लागून शाळेतली नात. गाडी हलली की कुत्रं पुलापर्यंत धावतं.

त्या गर्दीत एक पत्र्याची पेटी असते. लुगड्याच्या घडीखाली प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यात रेशनकार्ड, आधार, पासबुक आणि मतदार ओळखपत्र. कार्ड निघालं सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकाकडे. ज्या यादीत ते चालतं ती यादी मात्र गावच्या शाळेतच राहते.

जुन्या मुंबईबद्दल वाचताना मला नेहमी हे फाटे आठवतात. तिचंही वर्ष असंच दोन भागांचं. पावसाळाभर गलबतं, मचवे किनाऱ्याला लागलेले. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की पुन्हा हालचाल. भाऊचा धक्का, मशीद बंदर, कर्नाक बंदर, चिंच बंदर या भागात सकाळपासून कापसाच्या गाठी, तेल, लाकूड, धान्य यांची चढउतार. पाठीवर गाठ घेतलेला हमाल फळीवरून खाली उतरतोय, मुकादम शिव्या घालतोय, हिशेबनीस काड्या ओढतोय. रात्री एकेका खोलीत घाटावरचे नि कोकणातले गडी आळीपाळीने पाठ टेकतात, आणि वर्षातून एकदा शिमग्याला किंवा गणपतीला गावी जातात. १८७२ च्या शिरगणतीत या शहराची वस्ती ६,४४,४०५ भरली होती.

त्याच १८७२ साली मुंबईच्या नगरपालिकेचा नवा कायदा झाला. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शहर सुधारण्यासाठी सढळ हाताने खर्च केला होता, करदाते १८७१ मध्ये त्याविरुद्ध उठले, आणि त्या भांडणातून निवडणूक जन्माला आली. एकूण ६४ सभासद. त्यांतले १६ सरकारने नेमायचे, १६ जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी निवडायचे आणि उरलेले ३२ करदात्यांनी. करदाता कोण? वर्षाला किमान ५० रुपये पट्टी भरणारा. नव्या सभेची पहिली बैठक ४ सप्टेंबर १८७३ ला भरली, आणि पोर्ट ट्रस्टही त्याच वर्षीचा. म्हणजे बंदराचा कारभार आणि शहराचं मत या दोन्ही गोष्टी एकाच साली रांगेला लागल्या. ज्याच्या वखारीत गाठ उतरली त्याला मत मिळालं. ज्याच्या पाठीवरून ती उतरली, त्याच्यासाठी ५० रुपये पट्टी ही ऐकायचीच गोष्ट होती. मला त्या कायद्याचा राग येतो, पण त्याचा रोखठोकपणा आवडतो. पैसे असतील तर बोला, नसतील तर गाठी उचला. त्यात फसवाफसवी नव्हती.

तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं. इथल्या माणसाला असला ५० रुपयांचा प्रश्नसुद्धा पडला नाही. अगदी अखेरीस हैदराबादेत कायदेमंडळाचे खेळ झाले तेही धंद्यांनुसार प्रतिनिधी घेऊन. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य गेलं आणि १९५२ मध्ये बीडच्या बालाघाट डोंगरातल्या माणसाने पहिल्यांदा मत दिलं. वय २१, बाकी अट नाही. घर आहे का, पट्टी भरतोस का, सही येते का, काही नाही. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. कागद आवडेल त्या पेटीत टाकायचा. या पहिल्याच लोकसभेला बीडने पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे निवडून दिले. हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट याच नावाखाली लढत होते. मत मिळाल्यावर माणूस ते जपून वापरतो, असा एक समज आहे. आमच्या लोकांनी ते मिळाल्या दिवशीच मोडून बघितलं.

पुढे १९६७ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील बीडमधून खासदार झाले. ते वाळवा तालुक्यातल्या येडे मच्छिंद्रचे. साताऱ्याच्या प्रतिसरकारचा हा माणूस आमचं म्हणणं मांडायला दिल्लीला गेला, आणि पुढच्या काळात आमची माणसं त्याच्या वाळव्याच्या फडात ऊस तोडायला गेली. येणं-जाणं दोन्हीकडून होतं, इतकंच म्हणायचं.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, त्यामुळे निवडणुकीचं काम चुकत नाही. मे महिन्यातली लोकसभा आणि दिवाळीनंतरची विधानसभा यांतला फरक मला कुणी आकडे काढून दाखवायची गरज नाही. १३ मे २०२४ ला उन्हाने डोकं तापत होतं, तरी रांग शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली गेलेली. बाया डोक्यावर पदर घेऊन, कडेवर पोर घेऊन, हसत-खिदळत. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि गाळप हंगाम सुरू होण्याची तारीख १५ नोव्हेंबर. माझं केंद्र डोंगरातलं, दोन खोल्यांची शाळा. सामानात यंत्र, शाई, लाख, सुतळी, पाकिटं यांच्यासोबत एक छोटी यादी असते. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची. आमच्यात तिला ‘एएसडी’ म्हणतात. त्या यादीत मेलेली माणसं आणि ऊस तोडायला गेलेली माणसं एकाच पानावर नांदतात. एखादं नाव आलं की समोरचा मतदान प्रतिनिधी चष्मा न काढता म्हणतो, “फडात हाय सर. फुडचं वाचा.” एरवी एकमेकांच्या उरावर बसणारे सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी या एका बाबतीत एकमताचे.

अकराच्या सुमाराला एक म्हातारी आली. हातात तीन चिठ्ठ्या. तिची तर्जनी पुसली, शाई लावली, तिने बटण दाबलं, यंत्र लांब सुरात वाजलं. ती जागची हलेना.

“माझं झालं गुर्जी. आता पोराचं आन् सुनंचं राह्यलं.”

“ते कुठंयत, माय?”

“कारखान्याला. त्यानं फोनवर सांगितलंय कुणाला द्यायचं ते.”

“तसं चालत नाही.”

“का बरं? त्याचं नाव हाय, फोटू हाय. मी त्याची माय हाय. अजून काय पायजे?”

सगळे हसले. मीही हसलो. पण तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. सैन्यातल्या मतदाराला कायद्याने २००३ पासून हीच सोय दिली आहे. तो गावातल्या माणसाला आपला प्रतिनिधी नेमू शकतो आणि तो प्रतिनिधी त्याच्या वतीने मत देतो. सीमेवर गेलेल्याची आई हे करू शकते. फडात गेलेल्याची नाही. म्हातारीने चिठ्ठ्यांची घडी घातली, कमरेच्या पिशवीत खोचली आणि गेली.

चारच्या पुढे एक क्रुझर आली. रात्रभर प्रवास केलेली माणसं तिच्यातून उतरली. केसांत पाचटाची कुसळं, डोळे लाल. शाई लावणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने एकाचा डावा हात धरला आणि थांबला. तर्जनीवर उसाच्या पात्याच्या बारीक चिरा होत्या, नखाच्या मुळाशी एक ओली. “लाव की,” तो गडी म्हणाला, “झोंबू दे.” शाई चिरेत उतरली. त्याने हात झटकला, बटण दाबलं, बाहेर जाऊन टमरेलभर पाणी प्यायला. तासाभराने क्रुझर परत निघाली, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी फडात उभी राहायला हवी होती. गाडी कुणी पाठवली हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर अवघड झालं असतं, कारण उमेदवाराने मतदारांना फुकट वाहनाने ने-आण करणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचार आहे. नियम चांगला आहे. मतदान केंद्र दोन किलोमीटरच्या आत असावं हाही नियम त्याच्याच जोडीचा, म्हणजे मताला गाडीच लागू नये. पण ज्याचं केंद्र तीनशे किलोमीटरवर राहिलं त्याला गाडी लागते. आणि ज्याच्या गाडीतून माणूस येतो, त्याच्या गाडीत बसून तो उमेदवार निवडतो. मुकादमाकडे एक हिशेब आधीपासून होताच, त्यात हा दुसरा जमा होतो.

कायद्याची भाषा वाचली तर तीत माया दिसते. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० म्हणतं की, एखाद्या गावात केवळ घर आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे मुंबईच्या त्या ५० रुपयांच्या पट्टीवर मारलेली ही फुलीच. पुढे तेच कलम सांगतं की, माणूस काही काळ बाहेर गेला म्हणून त्याचं रहिवासीपण संपत नाही. नाव यादीतून जायला नको. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी, रोजंदारीवाल्यालासुद्धा. हे सगळं छापलेलं आहे. पण टनावर पैसे, डोक्यावर उचल, आणि पहाटेच्या अंधारात भरायची गाडी दारात उभी असताना त्या सुटीचं करायचं काय? सुटी घेऊन फडातच बसायचं? १८७२ चा कायदा हमालाला तोंडावर नाही म्हणाला होता. आजचा कायदा हो म्हणतो आणि वाट बघत शाळेत बसून राहतो. मला विचाराल तर मी आजचाच कायदा घेईन, पण त्याला शाळेतून उठवून.

उठवता येत नाही असंही नाही. २०२४ मध्ये ८५ वर्षांवरच्या मतदारांच्या घरी मतदान पथकं गेली. ओसरीत पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, आजोबांनी मतपत्रिकेवर खूण केली, पाकीट बंद. माणूस पेटीपर्यंत येऊ शकत नसेल तर पेटीने माणसापर्यंत जावं हे निवडणूक आयोगाने मान्य केलंच आहे. स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुनाही आयोगाने तयार केला होता. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल अशी त्याची रचना. १६ जानेवारी २०२३ ला राजकीय पक्षांना दाखवायला बोलावलं. विरोधी पक्षांनी शंका काढल्या, काही रास्तही होत्या, आणि गाडी तिथंच थांबली. मला त्या यंत्राचं फार अप्रूप नाही. कारखान्याकडे टोळीची, मुकादमाची, गाडीची, टनाची नोंद असते. कुठला कोयता कुठल्या गटात तोडतोय हे शेतकी खात्याला रोज ठाऊक असतं. ज्या आवारात उसाचं वजन बिनचूक होतं, तिथं एक टेबल, एक आडोसा आणि टपाली मतपत्रिका ठेवायला यंत्र लागत नाही.

वाचकहो, हे मागणं कठीण नाही, आणि ते तातडीचं आहे. तुमच्या गावाजवळ कारखाना असेल तर मतदानाच्या आठवड्यात फडात जाऊन किती जणांच्या पेटीत कार्ड आहे ते विचारा, आणि तिथल्या तहसील कार्यालयात लेखी द्या. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान २००४, २००९, २०१४ आणि २०१९ मध्ये ऑक्टोबरात झालं, २०२४ मध्ये नोव्हेंबरात. पुढचं २०२९ मध्ये याच सुमाराला येईल. ऊस कधी तोडायला येतो हे तोवर कुणाला नव्याने शोधून काढावं लागणार नाही.