वंशावळीत नसलेली माणसं

आमच्या घरी जाड कागदावर बोरूने लिहिलेली एक वंशावळ आहे. लहानपणी मी ती मित्रांना मोठ्या रुबाबात दाखवायचो. गेल्या दिवाळीत माझ्या भाचीने ती पाहिली आणि विचारलं, "मामा, यात एकही बाई का नाही?"

मी गप्पच झालो!

त्याच सुमारास मी एका जोडप्याची हकिगत वाचत होतो. डनबार मूडी हा स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरचा, त्याची बायको सुझॅना इंग्लंडची. १८३१ साली त्यांचं लग्न झालं आणि १८३२ साली दोघं कॅनडाला गेले. पुढे पीटरबरो गावाजवळच्या घनदाट जंगलात लाकडी ओंडक्यांचं घर बांधून राहू लागले. डनबारने हातातला पैसा आगबोटीच्या शेअर्समध्ये घातला होता, तो बुडाला. कर्ज मात्र वाढत गेलं.

डिसेंबर १८३७ मध्ये टोरांटोजवळ विल्यम लायन मॅकेन्झीने सरकारविरुद्ध बंड केलं. सरकारने मिलिशिया बोलावली. मिलिशिया म्हणजे कायमची फौज नव्हे. वेळ आली की शेतकऱ्या-दुकानदारांच्याच हाती बंदूक द्यायची. नांगरताना डनबारच्या पायाचं हाड मोडलं होतं. तरी गडी लंगडत निघाला! जानेवारी १८३८ मध्ये तो मिलिशियाचा कॅप्टन झाला. पगार सुरू झाला, तो कर्ज फेडायला.

वंशावळीत एवढंच आलं असतं : कॅप्टन डनबार मूडी. बस्स.

आणि जंगलातल्या त्या घरात? चार लहान मुलं, जेनी नावाची म्हातारी आयरिश मोलकरीण आणि सुझॅना. तिने काय काय केलं, ते तिने स्वतःच १८५२ साली पुस्तकात लिहून ठेवलंय. वसंतात मेपलच्या झाडांचा रस उकळून ११२ पौंड साखर केली, म्हणजे पन्नास किलोंहून जास्त! मेपलच्या सालीवर मोठाली पांढरी अळंबी उगवायची. त्यांच्या मखमली पाठीवर ती पक्षी आणि फुलपाखरं रंगवायची. मिलिशियात कॅप्टन असलेला तिचा भाऊ ती अधिकाऱ्यांना विकायचा, पण चित्रं कोणाची ते सांगायचा नाही. एका अळंबीचा एक शिलिंग यायचा. त्यातून पोरांना बूट आले.

रात्री मुलं झोपली की ती माँट्रियलच्या मासिकासाठी लिहायला बसे. मेणबत्ती परवडत नसे. मग जेनी चिंध्यांना पीळ देऊन, डुकराच्या चरबीत बुडवून बाटलीच्या तोंडात खोवायची. आपला काकडाच की! लिखाणाचे पहिले वीस डॉलर हाती आले तेव्हा ती आनंदाने रडली.

मला सगळ्यात आवडलं ते तिचं पत्र. डनबारची पलटण मोडली, पगार थांबला. तेव्हा नवऱ्याला पत्ता लागू न देता तिने थेट गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांना लिहिलं. घरची खरी अवस्था सांगितली आणि नवऱ्याला मिलिशियातच काम द्या, अशी विनंती केली. काही काळाने डनबारला मिलिशियाचा पगार वाटणाऱ्या अधिकाऱ्याची जागा मिळाली. पुढे तो बेलव्हिल गावी शेरीफ झाला. १८४० साली ते कुटुंब जंगलातून बाहेर पडलं.

हे वाचलं आणि मला आमची आजी आठवली. आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले, हे आम्हा पोरांना पाठ. त्यांचं पदक अजून कपाटात आहे. पण त्या चार वर्षांत आजीचं कसं चाललं, हे मी तिला कधी विचारलंच नाही. ती जाऊनही आता तीस वर्षं झाली.

शेवटी गावी आत्याला फोन लावला. "मनीऑर्डर यायला उशीर झाला तर आजी काय करायची गं?"

"काय करणार? लोकांच्या गोधड्या शिवायची. दिव्याला तेल नसलं की अंगणात, चांदण्यात बसून. अण्णांना मात्र पत्रात कधी कळवलं नाही हो तिने."

मग मी आजीचं माहेरचं नाव विचारलं. आत्या थोडी थांबली. "चंद्रभागा. पण आज हे कशाला रे?"

भाची शेजारीच पेन घेऊन बसली होती. आजोबांच्या नावाजवळ जागा कमी होती, म्हणून तिने बारीक अक्षरात लिहिलं.